सुईदोऱ्याच्या वर्गातून : कै. रमाबाई रानडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, त्या वेळी माझ्या हातात पुस्तक नव्हते. टोक मोडलेली क्रोशाची सुई होती. आपल्या मंडळाचा लेसचा वर्ग बुधवारी दुपारी भरतो हे आपणांस ठाऊक आहेच. तोरणे, रुमाल, गणपतीच्या चौरंगावरचे आसन येथवर आमचे काम दीड मिलिमीटरच्या सुईने सुरळीत चालले होते. पण दोन मुलींनी टॅटिंग शिकवा म्हणून हट्ट धरला आणि तेथे गाडे अडले.

टॅटिंगमध्ये शटलने गाठी घालून दोऱ्याची कडी करावयाची असते. त्या कडीच्या काठाला जी बारीक फासळी सोडतात तिला पिको म्हणतात. एक कडी दुसरीला जोडावयाची तर पहिलीच्या पिकोतून दोरा ओढून घ्यावा लागतो, आणि तेवढ्यापुरती अगदी बारीक सुई लागते. सुई जाड असली तर पिकोत शिरत नाही. बळेच घातली तर पिको ताणून वेडावाकडा होतो. टोक तीक्ष्ण असले तर दोऱ्याचे पीळ फाटतात. ऐंशी किंवा शंभर नंबरचा दोरा असेल तर सुई ०.६० मिलिमीटरची हवी. मेन रोडपासून रविवार कारंजापर्यंत मी दोन दिवस हिंडले. दुकानदार भले होते, प्रत्येकाने खोके उघडून दाखविले. पण एक मिलिमीटरच्या खालची सुई एकाही खोक्यात नव्हती. एकाने तर मला विचारले, काकू, इतक्या बारीक कामाला आता वेळ कोणाला आहे?

तोच प्रश्न आठ दिवसांनी आपल्या कार्यकारिणीच्या सभेत निघाला. लेसचा वर्ग बंद करून त्या वेळात संगणकाचा वर्ग घ्यावा, असे तिघी-चौघींचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. एक टेबलक्लॉथ विणावयास तीन महिने लागतात आणि विकावयास गेले तर दोऱ्याची किंमतही पुरती सुटत नाही. मी त्या सभेत काही बोलले नाही. घरी आल्यावर चरित्र कोणाचे लिहावे हे मात्र ठरले. ज्या बाईने अशाच सुईदोऱ्याच्या वर्गांपासून आरंभ करून पुढे पुण्याचे सेवासदन उभे केले, आणि जिच्या सार्वजनिक आयुष्याचे पहिले पाऊल आपल्या नाशकात पडले, त्या रमाबाई रानडे यांचे.

पुष्कळ जणींनी २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिली असेल. मालिकेत लहानगी रमा आपणां सर्वांना फार गोड वाटली. परंतु मालिका पाहून चरित्र कळले असे समजू नये.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, त्या काळी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी, वडील वजनदार, पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरी रीत नव्हती. त्या काळी ती फारशी कोठेच नव्हती. बाईने लिहावाचावयास घेतले की घरावर काही ना काही संकट येते, अशी समजूत शहाण्यासुरत्या माणसांतही होती.

१८७३ सालच्या डिसेंबरात, अकरा वर्षांची असताना, तिचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. माधवराव मूळचे आपल्याच जिल्ह्यातले म्हणावे लागतील, कारण त्यांचा जन्म १८४२ साली निफाडास झाला. लग्नाच्या वेळी ते बत्तिसाव्या वर्षात होते. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, तेव्हा दुसरे लग्न करतील तर एखाद्या विधवेशीच करतील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती आणि विरोधकांची भीती होती. वडिलांनी आग्रह धरला, मुलगी पाहिली, आणि माधवरावांनी मान खाली घातली. त्यावरून त्यांना आयुष्यभर बोल लावला गेला. तो बोल खोटा होता असे मला म्हणवत नाही. मात्र त्या घटनेने सर्वांत अवघड जागी कोण उभे राहिले, तर ती अकरा वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या मनाविरुद्ध झालेले लग्न, घरात वडील बायकांचा मोठा गोतावळा, आणि तिला एक अक्षर येत नव्हते.

माधवरावांनी तिला सासरी आल्याबरोबर शिकविण्यास आरंभ केला. पाटी-पेन्सिल आली, मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली. रात्री घरातली कामे उरकल्यावर धडा चाले. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षिका घरी येऊ लागल्या. हे सारे घरातील बायकांना अगदी खपत नसे. कोणी उघड रागावत, कोणी टोमणे मारीत, कोणी बोलणेच टाकीत. मोठ्याने वाचले तर चेष्टा होई म्हणून मनातल्या मनात वाचावे; कोणाची चाहूल लागली की पुस्तक बाजूला सारावे. सासरच्या माणसांच्या विरोधात सून शिकली, एवढे आपण एका वाक्यात म्हणून जातो. पण ज्या बायकांशी दिवसभर चुलीपाशी, विहिरीपाशी, पंगतीत वागावयाचे, त्यांचा अबोला वर्षानुवर्षे सोसणे काय असते हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या भगिनींना मी वेगळे सांगावयास नको. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, आणि धडाही सोडला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईला जमल्या याचे मला अजून नवल वाटते.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकास झाली. ही बदली सरकारच्या मर्जीने झाली असली तरी त्यात मर्जीपेक्षा संशयच अधिक होता. पुण्यातील सार्वजनिक चळवळीपासून त्यांना दूर ठेवावे असा तो हेतू. पण सरकारने दिलेली ही शिक्षा रमाबाईंना वरदान ठरली. पुण्याच्या घरातील वडीलधाऱ्यांचा गराडा येथे नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती प्रथमच स्वतःचे बिऱ्हाड आले. येथे घर कसे चालवावे हे ती शिकली, येथेच पतीपाशी तिचे इंग्रजीचे धडे सुरू राहिले. त्या वेळी लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख हेही नाशिकास न्यायखात्यात होते. दोन्ही घरांचा स्नेह जुळला आणि मुलींच्या शिक्षणाकडे गावाचे मन वळावे म्हणून बायकांना एकत्र आणण्याचे प्रयत्न या घरांतून झाले. त्या काळी बायका एकत्र येण्याला एकच बिनबोभाट निमित्त होते, ते हळदीकुंकवाचे. तेच त्यांनी वापरले. संक्रांतीचे वाण लुटता लुटता आपण आज जी नोटीस वाचून दाखवितो, तिची परंपरा अशी जुनी आहे.

येथील हायस्कुलाच्या एका समारंभात रमाबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलाविले गेले. सभेत उभे राहून बोलण्याचा त्यांच्या आयुष्यातील हा पहिला प्रसंग. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. आपल्या पंचवटीत, गोदाकाठी, रामकुंडावर जेथे सोवळ्याओवळ्याचा कडक अंमल होता, त्या गावात एक ब्राह्मणाची सून डोक्यावर पदर घेऊन पुरुषांच्या सभेत उभी राहते आणि बोलते, याची कल्पना आजच्या मुलींना यावयाची नाही. पाच वर्षांपूर्वी तिला अक्षर येत नव्हते. आपल्या मंडळात सूत्रसंचालन करावयाचे म्हटले की ज्या भगिनी उठून पाणी प्यावयास जातात, त्यांनी या नाशिकच्या सभेची आठवण ठेवावी. त्यांनाही कोणी कागद लिहून दिला तर काही बिघडत नाही.

दुसऱ्याच वर्षी धुळ्यास बदली झाली. धुळे, मुंबई, पुन्हा पुणे असे बिऱ्हाड हलत राहिले. पुण्यास परत आल्यावर जुने घर आणि जुना विरोध दोन्ही तेथेच होती. इंग्रजी शिकविण्यासाठी एक मिशनरी बाई, मिस हरफर्ड, घरी येत. ख्रिस्ती बाईपाशी बसून आल्यावर आंघोळ केल्यावाचून रमाबाईंना घरात कशाला शिवू देत नसत. संध्याकाळच्या वेळी रोज अशी आंघोळ. तिने प्रकृती बिघडली, तरी धडा चुकला नाही. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. या दोन रमाबाई एकमेकींशेजारी बसलेल्या मनात आणून पाहाव्यात. एकीने भारतभर पायी हिंडून संस्कृत पुराणे सांगितली होती, दुसरीने आठ-नऊ वर्षांपूर्वी बाराखडी गिरविली होती. घरची माणसे पंडिताबाईंना भ्रष्ट म्हणत, आणि सूनबाई दर आठवड्याला तेथे जात.

१८८४ साली मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून पुण्यात खटपट झाली. तीच पुढे हुजूरपागा म्हणून नावारूपास आलेली शाळा. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मुलींच्या शिक्षणाची मागणी करणारे इंग्रजी भाषण रमाबाईंनी वाचून दाखविले. सभेत टाळ्या पडल्या. घरी आल्यावर जे ऐकावे लागले ते निराळे. माधवराव अशा वेळी बायकोची बाजू घेऊन भांडत नसत. सोसावे, मनाला लावून घेऊ नये, आपले काम सोडू नये, एवढेच त्यांचे सांगणे असे. मला हे वाचताना कधी कधी त्यांचा राग येतो. सुधारक नवऱ्याने बाहेर भाषणे करावीत आणि सुधारणेचा घरातला मार बायकोने खावा, हा न्याय कोणता? पण रमाबाईंनी स्वतः त्यांच्याविषयी कधी कडू शब्द लिहिलेला नाही, तेव्हा मीही माझा राग येथेच आवरते.

१८९३ साली माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. येथपासून रमाबाईंचे स्वतःचे कार्य सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब स्थापन केला. नाव इंग्रजी होते, पण काम आपल्या मंडळासारखेच होते. तेथे भाषा शिकविल्या जात, सामान्यज्ञानाचे वर्ग होत, आणि त्यांच्या जोडीला शिवणकाम व हस्तकला शिकविली जाई.

या शेवटच्या बाबीकडे चरित्रकारांचे लक्ष सहसा जात नाही. एका ओळीत ती उरकून ते मोठ्या सभांकडे वळतात. माझे म्हणणे असे की ती ओळ फार महत्त्वाची आहे. त्या काळच्या घरातून सून बाहेर पडावयाची ती भाषण ऐकावयास जाते म्हणून सांगून कशी पडेल? शिवण शिकावयास जाते म्हटले तर सासूलाही त्यात खोट काढता येत नसे. परकर-पोलके, बाळंतविडा, दुपटे हे सगळे घरच्याच उपयोगाचे. सुईदोरा हे दार होते. एकदा बाई त्या दारातून बाहेर आली, चार जणींत बसली, की बोलणे सुरू होई. बोलण्यातून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून पुस्तक. हात कामात गुंतलेले असले म्हणजे जीभ मोकळी होते, हे आपल्या बुधवारच्या वर्गात जिला पाहावयाचे असेल तिने येऊन पाहावे. एका भगिनीच्या घरातला त्रास आम्हांला सभेत कधी कळला नाही, तो साखळीचे टाके मोजताना कळला.

आणि ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. आयर्लंडात १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला. माणसे उपाशी मेली, लाखो देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्कजवळच्या जोगिणींनी आणि क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड नावाच्या पाद्र्याच्या पत्नीने गरीब बायकांना क्रोशाची लेस विणावयास शिकविले. ती लेस इंग्लंडच्या श्रीमंत घरांत विकली गेली आणि त्या पैशांवर कुटुंबे जगली. त्या बायकांपाशी सुया कोठल्या असणार? उत्तम पोलादी सुया इंग्लंडातील रेडिच गावी होत, त्या विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग साधी सुई घेऊन तिचे टोक वाकवावयाचे आणि दुसरे टोक बुचात रोवून मूठ करावयाची, अशा सुयांवर ते काम झाले. आपल्याकडे आंध्रात नरसापूर भागातही लेस मिशनऱ्यांच्या हातून आली आणि आजतागायत तेथील बायका घरी बसून ती विणतात. त्यांना मिळणारी मजुरी मात्र पूर्वीपासूनच फार थोडी. व्यापारी गबर झाले. हस्तकलेचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू झाकून ठेवू नये.

रमाबाईंनाही ती बाजू दिसली असली पाहिजे, कारण त्या शिवणापाशी थांबल्या नाहीत.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. रमाबाईंना तेव्हा एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. मूल नव्हते. ज्या माणसाने अक्षर शिकविले, भाषण लिहून दिले, तोच गेला. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे पुण्यास आपल्या जुन्या घरी येऊन राहिल्या. ज्या घरात त्यांनी टोमणे ऐकले, त्याच घरात आता त्या मोठ्या होत्या.

पहिले पाऊल त्यांनी कोठे टाकावे? येरवड्याच्या तुरुंगात. तेथील स्त्रीकैद्यांना भेटावयास त्या जाऊ लागल्या, त्यांच्यापाशी बसत, चार गोष्टी सांगत. इस्पितळात जाऊन रोग्यांना फुले, फळे, पुस्तके देत. विधवेने कोपऱ्यात बसावे अशी ज्या समाजाची आज्ञा, त्या समाजाला ही बाई कोपरा सोडून जाते कोठे, तर तुरुंगात आणि इस्पितळात, याचे काय वाटले असेल! टीका करावयास तोंड उघडावे तर ती काही नाटकाला जात नव्हती. सत्पात्री दान आणि रुग्णसेवा हे तर शास्त्रातलेच. हळदीकुंकवाचे, शिवणाचे, तसेच हे. प्रत्येक वेळी त्यांनी असे दार निवडले की ते लावून घेणे कोणास सोपे जाऊ नये. मी याला धोरण म्हणते. काही जणी भित्रेपणा म्हणतील. पंडिता रमाबाईंनी सरळ भिंतच पाडली, आणि केडगावला मुक्तिसदन उभे केले. दोन्ही वाटा त्या काळी लागत होत्या.

१९०४ साली मुंबईस भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्षस्थान रमाबाईंकडे होते. नाशिकच्या त्या सभेला सव्वीस वर्षे झाली होती, आणि या वेळचे भाषण लिहून देणारे कोणी नव्हते. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईस सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले. लगेच पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यास त्यांच्या स्वतःच्या घरात पुणे सेवासदनाचा आरंभ झाला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी चिटणीसपदाचे ओझे उचलले. देवधरांची हिशेबी वृत्ती आणि रमाबाईंचे वजन, या दोहोंवर ती संस्था उभी राहिली.

सेवासदनात पहिल्याने काय होते? वाचन-लेखनाचे वर्ग आणि उद्योगाचा वर्ग. बेतणे, हाताची शिवण, यंत्राची शिवण, भरतकाम. येणाऱ्यांत विधवा पुष्कळ, काही टाकलेल्या, काही गरीब घरच्या सुना. दुपारी घरातले आटोपून यावयाचे, दोन-तीन तास बसावयाचे आणि दिवेलागणीच्या आत परत. ज्यांना आपल्या भावापुढे किंवा दिरापुढे एका लुगड्यासाठी हात पसरावा लागे, त्यांना स्वतःच्या हाताने मिळविलेल्या चार आण्यांची किंमत किती, हे चार आणे मिळविल्यावाचून समजत नाही.

पण शिवणावर पोट भरत नाही हे लवकरच स्पष्ट झाले. मग रमाबाईंनी ते पाऊल उचलले ज्यासाठी त्यांचे नाव घेतले पाहिजे. १९११ साली सेवासदनातून ससून इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण घेण्यास बायका पाठविण्यास सुरुवात झाली. ब्राह्मणाच्या विधवा बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा, मलमूत्र काढावे, कोणत्या जातीचा रोगी आहे ते पाहू नये! पुण्यात केवढा गहजब झाला असेल! पहिल्या मुली मिळविण्यासाठीच त्यांना घरोघर समजूत घालावी लागली. आपण आज तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन रुग्णालयात जातो, सिस्टर म्हणून हाक मारतो आणि आपल्याच भाषेत बोलणारी, आपल्याच घरातली वाटावी अशी मुलगी समोर येते. ही गोष्ट आपोआप झालेली नाही. शिक्षिकांचे ट्रेनिंग कॉलेज, डॉक्टरी शिकणाऱ्या मुलींसाठी राहण्याची सोय, अशा शाखा एकामागून एक निघाल्या. सुईच्या वर्गाला जी बाई भीत भीत आली, तिच्यासाठी पुढची पायरी तयार असे. तिने ती चढावी की नाही हे तिचे तिने ठरवावे. पायरी मात्र तयार.

आळंदीच्या यात्रेत आषाढी-कार्तिकीस त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात आणि आजारी, चुकलेल्या, दमलेल्या वारकरी बायकांची व्यवस्था पाहत. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा तिकडेही मदतीस गेल्या. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावयाचे तर ते मुलांबरोबर मुलींनाही असले पाहिजे, यासाठी त्यांनी चळवळ केली. पैसे कमी आहेत तेव्हा आधी मुलांचे पाहू, मुलींचे मागाहून, असे म्हणणारी मोठी मोठी माणसे त्या वेळी होती. मागाहून या शब्दाचा अर्थ बायकांना नीट माहीत असतो. १९२१-२२ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ झाली, तीतही साठीला आलेल्या रमाबाई पुढे होत्या.

या सर्व धामधुमीत त्यांनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते माधवरावांविषयी आहे असे त्या मानीत. पण वाचणाऱ्या बाईला त्यात दुसरेच काही सापडते: घरात वावरणारी, भिणारी, चुकणारी, पुन्हा पाटी घेऊन बसणारी एक मुलगी. मराठी आत्मचरित्रांत या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. आपल्या मंडळाच्या कपाटात त्याची एक प्रत आहे, मागच्या वर्षभरात ती तिघींनीच नेली, हे मी मुद्दाम येथे नमूद करते.

१९२४ साली रमाबाई पुण्यास निवर्तल्या. १९६२ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे.

आता आमच्या सुईचे काय झाले ते सांगून संपविते. आयर्लंडच्या बायकांची हकीकत मी वर्गात सांगितली, त्यावर आपल्याच गल्लीतील एका भगिनीने ती घरी आपल्या यजमानांना सांगितली. ते येथील औद्योगिक वसाहतीत टूल-रूममध्ये काम करतात. सातपुरात राहून एक सुई मिळत नाही म्हणजे काय, असे त्यांना वाटले. त्यांनी शिवणाची एक लांब सुई घेतली, नेढ्याची एक बाजू बारीक कानशीने कापली, उरलेल्या बाजूचे टोक गोलाकार घासले आणि अगदी महीन पॉलिश पेपरने इतके गुळगुळीत केले की रेशमावरून फिरविले तरी धागा अडकू नये. नेढ्याची अर्धी खाच तीच सुईची आकडी. दुसऱ्या टोकाला पेन्सिलीच्या लाकडाची मूठ बसविली. पहिल्या दोन मोडल्या, कारण सुईचे पोलाद कडक असते, घाई केली की तडकते. तिसरी टिकली. एका मुलीच्या भावाने जपानी सुयाही मागवून दिल्या. बारा नंबरची सुई ०.६० मिलिमीटरची आणि दहा नंबरची ०.७५ ची. या सुयांत नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते, आणि इंग्रजी, अमेरिकन, जपानी नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून विकत घेताना नंबर विचारू नये, मिलिमीटर विचारावे. नवशिकीने एकदम शंभराचा दोरा घेऊ नये, चाळिसाने आरंभ करावा.

कार्यकारिणीत अखेर असे ठरले की संगणकाचा वर्ग शनिवारी घ्यावा आणि बुधवार आमचा आम्हांस राहू द्यावा. लेसच्या वर्गातील पाच जणींनी शनिवारसाठीही नावे दिली आहेत. टॅटिंगसाठी सध्या तीन घरच्या सुया आणि दोन जपानी सुया वर्गात आहेत. ज्या भगिनींना यावयाचे असेल त्यांनी शटल व दोरा स्वतःचा आणावा, आणि घरात जुनी लांब सुई किंवा बाटलीचे बूच पडले असेल तर तेही बरोबर आणावे.